ओसरीवरचं पान

देहूरोड,
गुरुवार, ११ ऑक्टोबर १९५६

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा नमस्कार. इकडचं सगळं बरं म्हणावं असं आहे. दिवाळीला तुम्ही दोघं येणार, हे आईनं माझ्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतलं.

दौलतरावांना एक आधीच सांगून ठेव, आपल्याकडचं मटण बंद झालंय. सोमवार-गुरुवार पाळत होतोच. श्रावणानंतर आईनं शनिवार वाढवला आणि गणपती झाल्यावर देहूला जाऊन गळ्यात तुळशीची माळच घालून आली. पाठोपाठ कौशल्यानंही घातली. "माज्या चुलीवर आता वशाट शिजायचं न्हाई," आई म्हणाली. पंगतीतही तसलं पान नको.

रविवारी आता मासवडी असते, काळ्या मसाल्याच्या रश्शात. आपला गेनू पहिल्या दिवशी वडी उलटीसुलटी करून म्हणाला, "आजी, ह्यातला मासा पळाला वाटतं." आई हसली. घरात बऱ्याच दिवसांनी कुणी हसलं.

इंदूला अशक्तपणा आहे, बारीक ताप येतो. डॉक्टरांनी तिला अंडी आणि पायांचा रस्सा द्यायला सांगितलंय. त्यावर आईनंच तोड काढली. ओसरीवर तीन दगडांची चूल मांडली, भांडी वेगळी केली, तिथंच इंदूचं पान. शेजारच्या भागूबाई रस्सा करून देतात. आम्ही आत जेवतो, ती बाहेर. मधलं दार उघडं असतं. आई म्हणते, नात बरी व्हावी म्हणूनच तर आपण सोडलं.

गेल्या रविवारी मी पाटावर बसत होतो. बाहेरून इंदू म्हणाली, "अण्णा, माळ आजीच्या गळ्यात, आईच्या गळ्यात. तुमच्या गळ्यात कुठंय? बसा की इकडं. भागूमावशींनी दोघांपुरता रस्सा केलाय."

कौशल्याचा वाढता हात थांबला.

"मला हल्ली मटण पचत नाही गं."

"मग मासवडी घेऊन बसा."

मी आतच जेवलो.

ताई, तो अशक्तपणा नाही. क्षय आहे. वर लिहिलेलं खोडत नाही, मी कसा लिहितो ते तुला दिसू दे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय की इंजेक्शनं लागू पडताहेत, भांडी उकळून घ्या, मोकळ्या ओसरीवर तिच्याजवळ बसायला हरकत नाही. क्षयरोग्याला दूर लोटू नका, असं पत्रक आमच्या कामावरच्या डेपोच्या भिंतीवर लागलंय. त्याचं मराठी मीच केलं. तरी ती खोकली की माझा पाय आपोआप मागं येतो. गेनूच्या काळजीनं, असं मी स्वतःला सांगतो. ते खरं आहे की नाही, मला ठरवता येत नाही.

आईनं माळ घातली तेव्हा मला हायसं वाटलं. इंदूला बाहेर बसवायला आता देवाचं नाव होतं.

परवा मी देहूला जाऊन आलो. बुवांनी विचारलं, "मनापासून ना?" मी हो म्हणालो. संध्याकाळी इंदूनं माझ्या गळ्याकडं पाहिलं. "बरं झालं," म्हणाली, "आता विचारायला नको."

तेव्हापासून रस्सा तसाच राहतो. अंड्यालाही हात लावत नाही. सकाळी म्हणाली, "मलाही माळ घाला. मग आत घ्याल ना?" आईला वाटलं पोरीला भक्ती लागली, तिनं डोळे पुसले. कौशल्या माझ्याकडं बघत राहिली. तिला कळलंय.

असं चाललं तर इंजेक्शनांचा उपयोग नाही, असं डॉक्टर म्हणतात.

तुझ्या गळ्यात माळ नाही. तू तिच्या शेजारी बसून खाल्लंस तर कदाचित ती खाईल. जे बापाकडून होत नाही ते तुला सांगतोय, हे मला समजतं. भीती वाटली तर येऊ नकोस. कारण कळवू नकोस, ते मला ठाऊक आहे.

दार अजून उघडंच असतं. इंदूनं मात्र पान फिरवून घेतलंय. आता ती आमच्याकडं पाठ करून बसते.

माळकऱ्यानं पत्राच्या शेवटी रामकृष्णहरी लिहावं. हात वळला नाही.

तुझा,
ज्योतीराम