सही जाताना

ता. ३ जुलै

प्रिय वन्संस,

स. न. वि. वि. तुमचे पत्र पोचले. गुडघा दुखतो म्हणता आणि दिवसभर जिने चढता, तेव्हा त्याबद्दल मी काही लिहीत नाही. फोन न करता पत्र लिहिते, कारण फोन बाहेरच्या खोलीत आहे आणि तुमचे बंधूही त्याच खोलीत असतात.

इथे वाईट झाले आहे. तळमजल्यावरच्या ज्या खोलीत आमचे पाळणाघर चालते, ती खोली वसाहतीच्या मंडळाने अध्यक्षांच्या जावयाला व्यायामशाळेसाठी देऊन टाकली. टाकली म्हणजे आम्हीच दिली, असे कागद म्हणतो. पुढच्या महिन्यात पाळणे उचलायचे आहेत.

आमचे अध्यक्ष तुम्हाला आठवत असतील, त्यांना माईककाका हे नाव तुम्हीच ठेवले होते. सभेची वेळ उलटून गेल्यावर येतात आणि माईक हाती आला की नळाची गळती, त्यांचे तरुणपण, आजकालची पिढी असे करीत अंधार पाडतात. कोणाची चूल खोळंबलेली, कोणाची पोरे. आम्ही बायका एकेक करून चपला शोधतो. मग कागदावरची शेवटची ओळ येते, अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय. इतकी वर्षे मला वाटे, की ती नुसती शेवट करायची रीत आहे, जसे पत्राखाली लोभ असावा लिहितात तसे. खरा विषय तिथेच दबा धरून असतो, हे आत्ता कळले. खोलीचा ठराव तिथेच आला आणि तिथेच मंजूर झाला. हजेरीच्या सह्या आम्ही आत शिरतानाच केल्या होत्या. त्यामुळे आम्ही घरी भांडी चढवत होतो आणि कागदावर मात्र सभेत माना डोलवत होतो.

ठराव लिहिला मंडळाचे चिटणीस म्हणून तुमच्या बंधूंनीच, मोत्यासारख्या अक्षरात. विचारले तर म्हणाले, मला वाटले तुम्हा बायकांना ठाऊक असेल.

वरच्या मजल्यावरची कंडक्टरबाई पहाटेच्या पहिल्या बसवर जाते. मुलीला झोपेतच माझ्या खांद्यावर देते. मी देवापुढून उठते ती त्याच कामाला लागते. तिला बातमी सांगितली तर ती रडली नाही. राजीनामा कोणाच्या नावे लिहायचा, एवढेच तिने विचारले. ते ऐकून जे पोटात पेटले ते जपाला बसूनही विझले नाही. शेवटी देवाला म्हटले, तू क्षमा कर म्हणतोस, करीन. पण आधी खोली परत घेईन.

तुम्ही परिचारिकांची संघटना चालवलीत. मी मॅट्रिक झालेली घरातली बाई, सभा म्हणजे माझ्यासाठी सतरंजीची कड. काय करू ते लिहा. पाठकोऱ्या कागदावर लिहिलेत तरी चालेल, मी तेच केले आहे.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नये.

तुमची वहिनी


ता. ८ जुलै

ती. वहिनीस,

शि. सा. न. वि. वि. पत्र दोनदा वाचलं. गुडघ्याचा टोमणा पोचला.

पहिलं काम, दादाच्या कपाटातून मंडळाचे नियम काढा. ठरावीक संख्येच्या सभासदांनी लेखी मागितली तर खास सभा बोलवावीच लागते, असं त्यात बहुतेक सापडेल. आमच्याकडे तसं होतं. आणि खास सभेत नोटिशीतला विषय सोडून दुसरा घेता येत नाही. म्हणजे ऐनवेळचं शेपूटच उरत नाही.

वहिनी, सभा भांडायला बोलवू नका, ठरवायला बोलवा. विषय एकच, आणि असा लिहा की त्याला हो किंवा नाही म्हणता आलं पाहिजे. 'पाळणाघराबाबत चर्चा' असं लिहिलंत तर काका पुन्हा तरुणपणावर येतील. वेळ तुमच्या बायकांच्या सोयीची. सभा कधी सुरू होणार तेही लिहा आणि कधी संपणार तेही. त्या वेळात पोरांना कोण बघणार हे आधी ठरवा, नाहीतर पुन्हा चपलांची शोधाशोध. सभेआधी प्रत्येकीच्या दाराशी जाऊन या. फक्त तिचं ऐका.

आणि रागवू नका, पण सभेत पहिलं तुम्ही बोलू नका. जिचं जातंय तिला बोलू द्या. मला पोचवायला आला होतात तेव्हा गाडी हलली तरी तुमच्या सूचना संपल्या नव्हत्या. शेवटची सूचना कोणती होती ते मला अजून कळलेलं नाही.

दादाला फार टाकून बोलू नका. तो वाईट नाही. त्याला कोणाचा शब्द मोडवत नाही, आणि काका त्याच्याशी रोज बोलतात.

कळवत राहा, मी वाट बघते.

तुमची नणंद


ता. १४ जुलै

प्रिय वन्संस,

स. न. वि. वि. नियम सापडला, अगदी तुम्ही म्हणालात तसा. सह्या जमल्या. अर्ज तुमच्या बंधूंच्या हातात दिला, तो त्यांनी खणात ठेवला. दुसऱ्या दिवशी मी पोच मागितली. नवऱ्याकडे पोच मागणारी या वसाहतीत मी पहिलीच असेन. त्यांनी दिली, तारीख घालून, चिटणीस म्हणून सही करून. मग दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत, आणि मीही नाही.

अर्ज देण्याआधी तयारीसाठी माझ्या स्वयंपाकघरात सगळ्याजणींना बोलावले होते. तुमचे पत्र पाठ केले होते. तरी काय झाले ते ऐका. मी बोलायला लागले, नियम समजावले, काकांची सगळी कहाणी पहिल्यापासून सांगितली. मान वर केली तर कंडक्टरबाई पदराखाली जांभई देत होती आणि दोघी दारापाशी चपलेत पाय घालत होत्या. आमची शिंपीणबाई, पाळणाघरात माझी जोडीदार, तोंडाने फटकळ. ती म्हणाली, काकू, तुमच्या हातात तेवढा माईक द्यायचा राहिलाय. सगळ्या हसल्या. मला हसू आले नाही, पण मी गप्प बसले. मग प्रत्येकीने आपापले सांगितले आणि मला ठाऊक नव्हते ते ते निघाले.

त्यातूनच एक युक्ती सुचली. सभेत मी जपमाळ घेऊन बसणार. एकाने बोलायचे ते माझी एक माळ फिरेपर्यंत. मणी संपले की बोलणे संपले, मग तो कोणीही असो. देवाचे नाव अशा कामाला लावावे का, हा विचार मला दोन दिवस छळत होता. मग ठरवले, की मी नाव खोटे घेणार नाही, मनापासूनच घेणार. वेळ कोणाचा हे देवानेच ठरवावे.

शिंपीणबाईने दुसरी गोष्ट काढली. म्हणाली, कपडा शिवून झाल्यावर खूण करतात, कापायच्या आधी नाही. हजेरीची सही सभा संपल्यावर, जाताना. अर्जात तेही लिहिले आहे.

देवाला तुमच्या गुडघ्याचे सांगते आहे. आम्हाला अंतर देऊ नये.

तुमची वहिनी


ता. १६ जुलै

चि. धाकटीस,

अनेक उत्तम आशीर्वाद. तुझी वहिनी तुझे ऐकते, म्हणून लिहितो. तिला आवर.

घरात माझ्याशी कोणी बोलत नाही. ती देवाशी बोलते, मला ऐकू येईल इतक्या मोठ्याने. काल देवाला सांगितले, की चिटणीसांचा चहा झाकून ठेवला आहे, थंड झाला तर दोष कोणाचा नाही.

अध्यक्ष समोरच्याच घरात राहतात. जिन्यात गाठून विचारतात, काय चिटणीस, घरात अध्यक्ष कोण? मी हसतो. नोटीस लावू नका म्हणतात, थोडे दिवस निघून जाऊ द्या, तोवर पाळणे उचललेले असतील. नोटीस लावायची मुदत सोमवारी संपते. मला तंटा जमत नाही, हे तू लहानपणापासून पाहिले आहेस. काय करावे ते कळव.

प्रकृतीस जपावे, भावाला विसरू नये.

तुझा दादा


ता. १८ जुलै

ती. दादास,

शि. सा. न. वि. वि. तुला तंटा करायला कोणी सांगितलेलं नाही. एक कागद फळ्यावर लावायचा आहे. त्याला चार टाचण्या लागतात.

लहानपणी मोठी मुलं मला खेळात घेत नसत. तू कधी आवाज चढवला नाहीस. मला शेजारी उभी करून म्हणायचास, डाव हिच्यासकट मोजायचा, नाहीतर मोजायचाच नाही. मी त्या दादाला लिहिते आहे. तो आता कुठे राहतो ते मला ठाऊक नाही, पत्ता जुनाच घातला आहे.

वहिनींना मी आवरणार नाही. चहा गरम असताना घेत जा.

राग आला तरी लोभ राहू दे.

तुझी धाकटी


ता. २९ जुलै

प्रिय वन्संस,

स. न. वि. वि. सोमवारी सकाळी खाली उतरले तर नोटीस फळ्यावर लागलेली होती. चारही टाचण्या सरळ रेषेत, म्हणजे कोणी लावली ते विचारायला नको. घरी येऊन देवाला सांगितले, पण या वेळी हळू आवाजात.

काल पाळणाघराच्याच खोलीत सभा झाली. खुर्च्या आम्ही गोल मांडल्या, म्हणजे पुढची आणि मागची रांग नको. माईक कपाटातच राहू दिला, एवढ्याशा खोलीत तो लागतो कशाला? पोरांना शिंपीणबाईच्या सासऱ्यांनी गच्चीवर नेले. ठरल्या वेळी सभा सुरू झाली. काका नेहमीप्रमाणे अजून यायचे होते. अध्यक्ष नसतील तर हजर सभासदांनी त्या दिवसापुरता निवडावा असा नियम आहे. आम्ही शिंपीणबाईला निवडले. तिने विषय वाचला, खोली पाळणाघराकडेच राहावी, हो की नाही. कंडक्टरबाई पहिली उठली. म्हणाली, मी रोज परक्या माणसांना जपून घरी पोचवते, माझ्या पोरीला कुठे उतरवू ते सांगा. आणि बसली. अर्धी माळही झाली नव्हती.

व्यायामशाळेच्या बाजूचेही ऐकले. एका आजोबांनी विचारले, संध्याकाळी खोली रिकामीच असते ना, तेव्हा पोरांना व्यायाम करू द्यायला काय हरकत आहे? चांगला मुद्दा होता. शिंपीणबाई म्हणाली, जावईबापूंनी लेखी द्यावे, पुढच्या सभेत घेऊ.

तेवढ्यात काका आले. खुर्चीकडे वळले तर खुर्चीत बाई. बोलायची परवानगी मागितली, ती मिळाली, आणि मी माळ सुरू केली. ते वसाहतीच्या पायाभरणीपर्यंत आले आणि माझे मणी संपले. माळ डोळ्यांना लावून मी उभी राहिले. शिंपीणबाईने सांगितले, बसा काका, तुमची पाळी झाली. ते म्हणाले, हा काय पोरखेळ आहे, देवाचे नाव घेऊन माणसाचे तोंड बंद करता? मी म्हटले, आम्हा सगळ्यांचे म्हणणे याच माळेत मावले, तुमचेही मावेल, फक्त मुद्द्याला हात घाला. मग त्यांनी हुकमी पान टाकले. म्हणाले, ठीक आहे, मी ऐनवेळच्या विषयांत बोलेन.

सगळ्यांनी चिटणीसांकडे पाहिले. तुमचे बंधू उठले. नियमांचा कागद उघडला. आणि वाचले. खास सभेत नोटिशीतील विषयाखेरीज अन्य विषय घेता येणार नाही. काका म्हणाले, चिटणीस, तुम्ही पण? हे म्हणाले, मी नाही, नियम. आणि बसले.

दोन हात सोडून सगळे हात हो म्हणाले. काका निवडणुकीत बघून घेईन म्हणत तरातरा निघून गेले. बघावे. नोटिशीवर विषय घालून बघावे. सभा वेळेत संपली, पण कोणी उठेना, चपला शोधेना. मग एकेक करून सगळ्यांनी सह्या केल्या.

संध्याकाळी काका हजेरीची वही मागायला दारात आले. माझी सही राहिली म्हणाले. मी आत होते. तुमच्या बंधूंनी शांतपणे सांगितले, सह्या सभेत होतात, आणि जाताना होतात. दार लावले. आत येऊन माझ्याकडे न बघता म्हणाले, देवाला सांग, चिटणीसांना चहा हवा आहे. मी देवाला सांगितले नाही, नुसता चहा ठेवला.

आज पहाटे कंडक्टरबाई मुलीला खांद्यावर देऊन गेली. तिच्याकडून एक कागद मागून घेतला, एका बाजूने कोरा होता, फुकट कशाला घालवायचा? हे शेवटचे पान उलटून पाहा. तिचा राजीनामा आहे, तारीख घालायची राहिलेला. आता तो आपल्या पत्राच्या कामी आला.

गुडघा सांभाळा, आणि आमच्यावरची सावली हलवू नका.

तुमची वहिनी