पंपाचं कोण ऐकणार

अब्बा,

१. सोमवारी कंपनीने मला उरवड्याला, तुमच्याच कारखान्यात, पंप तपासायला पाठवले.
२. माझ्या यंत्राने बेअरिंग उत्तम असल्याचे दाखवले.
३. तुम्ही पंपाला स्क्रू-ड्रायव्हर टेकवून मूठ कानाशी धरली आणि सगळ्यांसमोर म्हणालात, "मॅडम, तुमचं मशीन खोटं बोलतंय. आतली गोळी फुटली हाय."
४. पंप उघडला. बेअरिंगमधली गोळी फुटलेली होती. मी यंत्राचा सेन्सर पंपावरच्या रंगाच्या जाड थरावर बसवला होता, म्हणून आतली थरथर त्याला कळलीच नाही.

तुमच्या साहेबांनी मला विचारले, "ओळखता का यांना?" मी म्हणाले, "कामापुरती ओळख आहे." तेव्हा माझ्या चुकीची लाज वाटली. आता ऑफिसात प्रत्येकाला सांगते, चूक पकडणारे माझे अब्बा होते. तुम्हाला तोंडावर सांगणे जमत नाही. हे पत्र पाठवणे तरी जमेल का, माहीत नाही.

मार्चमध्ये तुम्ही निवृत्त होणार. साहेबांनी आणखी दोन वर्षे थांबायला सांगितल्याचे अम्मीकडून कळले. तुम्ही म्हणे थांबणार, कारण "पंपाचं कोण ऐकणार?" एकतीस वर्षे सहाची बस धरलीत आणि रोज जेवताना अम्मीला कन्याकुमारीच्या गाडीची स्टेशने क्रमाने म्हणून दाखवलीत. अम्मी म्हणते, "स्टेशनं पाठ झाली, आता गाडीत कधी बसवताय?"

पंपाचे मी ऐकेन. तिथली तपासणी आता दर महिन्याला माझ्याकडेच आहे. मार्चपर्यंत मला कानाने ऐकायला शिकवा.

एप्रिलच्या गाडीचे आरक्षण येत्या सोमवारी उघडते. दोन तिकिटे काढू की नको, ते रविवारपर्यंत कळवा.

तुमची मुलगी,
हुमा