तोमे आजीच्या दारातला पोळा

नागानो, जपान
२२ जुलै १९६२, रविवार

ती. सौ. सरूताईस,
भिमाजीचा शि. सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे. फक्त गुडघे खुशाल नाहीत, कारण इथे दोन्ही गुडघे दुमडून जेवायला बसतात. जिच्या घरी राहतो ती तोमे आजी मला हात देऊन उठवते. ती सत्तरीची, मी चोविशीचा.

रविवारी सुट्टी, म्हणून कुठे ना कुठे जत्रा गाठतो. आज डोंगरावरच्या देवाची पालखी होती. उत्साहात खांदा दिला. मी सगळ्यांपेक्षा वीतभर उंच, त्यामुळे देव तिरपे झाले. मग त्यांनी मला वाकून नमस्कार करून पाणी वाटायला बसवलं.

बाकीचे सहा दिवस भातशेती शिकतो. आपल्या राहू गावात ज्वारी पिकते, भात नाही, हे आबा ओरडून सांगत होते तेव्हा मी जपानला शेती शिकायला निवड झाल्याच्या आनंदात बहिरा झालो होतो. त्याच रागात ते दौंड स्टेशनावर निरोपाला आले नाहीत. चार महिन्यांत त्यांना सात पत्रं टाकली, उत्तर एकाचंही नाही. ताई, खरं सांग, ते माझ्याशी आता कधीच बोलणार नाहीत का?

दाजींना नमस्कार. माझ्यावरचा लोभ उतू जाऊ देऊ नकोस आणि आटूही देऊ नकोस.

तुझा,
भिमाजी

शिरूर
९ ऑगस्ट १९६२

चि. भिमाजीस सरूताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

नागपंचमीला राहूला जाऊन आले. तुझी सातही पत्रं कोनाड्यात आहेत, एकही फोडलेलं नाही. वाचून दाखवते म्हटलं तर आबा उठून गोठ्यात गेले. मग मी मला आलेलं पत्र गोठ्याच्या दारात उभी राहून मोठ्यानं वाचलं. त्यांनी वैरण टाकत सगळं ऐकलं आणि माझ्याशी नाही, बैलाशी बोलले, की देव तिरपा करणारा आपल्याच घरचा असणार.

तिकडे गुडघे दुमडायला शिकलास. जायच्या आधी बापापुढे दुमडले असतेस तर मला गोठ्यात उभं राहावं लागलं नसतं. पण लिहीत राहा, मी वाचत राहीन. मलाही काळजी आहे, नाही असं नाही.

तब्येतीला जप. बहिणीची माया आहेच, ती मागावी लागत नाही.

सरूताई

नागानो
२६ ऑगस्ट १९६२, रविवार

ती. सौ. ताईस शि. सा. न.

हे पत्रही गोठ्यात वाच. निदान बैलाला तरी त्याच्या भाऊबंदाची हकीकत कळेल.

तेरा तारखेला तोमे आजीनं एका वांग्याला काड्यांचे चार पाय लावले आणि देव्हाऱ्यात मांडलं. शेजारी तसंच एक काकडीचं जनावर. मला वाटलं, पोळा! आपला भादव्यात असतो, यांचं पंचांग वेगळं असेल. परमुलखात पोळा भेटला म्हणून मला भरूनच आलं. कुणाला विचारायचं सुचलं नाही. घरचा म्हातारा बैल ओढ्यावर धुतला, मळणीयंत्राचा लाल रंग शिंगांना फासला, गळ्यात फुलांची माळ घातली. झूल नव्हती, म्हणून दौंडच्या शिंप्यानं शिवलेला माझा कोट पाठीवर टाकला. तो त्याला माझ्यापेक्षा बरा बसला. मग रॉकेलचा डबा बडवत मी त्याला गावभर मिरवला. लोक दारात येऊन गप्प उभे राहत. मी समजलो, भारावलेत.

शाळेच्या मास्तरांना थोडं इंग्रजी येतं. त्यांनी अडवून सांगितलं की हा पितरांचा सण आहे. तीन दिवस पितर घरी येतात. लवकर पोचावेत म्हणून काकडीचा घोडा, आणि जाताना रेंगाळावेत म्हणून वांग्याची गाय. तोमे आजी वाट बघत होती ती तिच्या एकुलत्या एका लेकाची. अठरा वर्षांमागं तो ब्रह्मदेशच्या लढाईत गेला, तो परत आलाच नाही.

जमिनीनं गिळलं तर बरं, असं मला झालं. आजीपुढे जाऊन कान धरले. ती कोट घातलेल्या बैलाकडे बघत राहिली, मग हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. मास्तरांनी सांगितलं, ती म्हणतेय की तिचा लेकही असाच धिंगाणा घालायचा. इतकी वर्षं घर मुकं होतं, यंदा त्याला ते ओळखू आलं असेल. मग मीही रडलो. आबांची फार आठवण आली.

लोभ ठेव. मूर्ख भावावर जरा जास्त ठेव.

भिमाजी

मुक्काम राहू
११ सप्टेंबर १९६२

चि. भिमाजीस आशीर्वाद.

पत्र वाचलं. कोटाच्या जागी आबा हसले, तोंडावर उपरणं धरून, पण हसले. पुढचं ऐकल्यावर त्या बाईला दुसरं कुणी नाही का, एवढंच विचारलं. नाही म्हटल्यावर मला लिहायला सांगितलं. सांगितलं तसंच उतरवते.

भिमा, आबाचा आशीर्वाद. राग हाय तो हायच. मशिनीचा रंग शिंगाला लावत न्हाईत, त्येल लावून पुसून काढ. त्या माऊलीला माझा नमस्कार सांग. तिचा लेक येतो आन् तीन दिसांत जातो, त्योबी दिसत न्हाई. तुझी गाडी दौंडला कवा लागती ते कळीव. म्या स्टेशनावर येईन. बोलंनच असं न्हाई. पर येईन.