अडलेली किल्ली

२ ऑक्टोबर, दसरा

आज आमच्या जुन्या मारुतीची पूजा केली — बहुतेक शेवटची! नीलेशने मला न विचारता खेरडीचं गिऱ्हाईक ठरवलंय. उद्या सकाळी येणार. सोमवारपासून मी रांधा गावच्या शाळेत शिकवायला जाणार, लायसन्स हातात आलंय, आणि नवऱ्याने गाडीच विकायची? म्हणे, 'इथल्या ट्रकांमधून तू चालवणार?' सासूबाई मात्र पूजेनंतर अक्षतांचं ताट घेऊन बराच वेळ गाडीत बसून होत्या.

३ ऑक्टोबर

किल्ली अर्धी जाते आणि अडते! गिऱ्हाईकाने खटपट केली आणि तोंड वाकडं करून गेलं. मला हसू आवरेना. नीलेश भडकला — 'आता भंगारवालाच! रविवारी संध्याकाळी बोलावतो.' हसू तिथेच जिरलं. म्हटलं, 'त्याआधी चालू झाली तर माझी.'

'झाली तर ना!' म्हणाला. बघतेच आता.

४ ऑक्टोबर

स्टिअरिंग डावं-उजवं हलवत किल्ली दाबून पाहिली. खोबरेल सोडलं — आणखीच चिकट! किलवणी नाक्यावरून चावीवाला आणला. 'बेन, पूरा लॉक बदलना पडेगा. इतना पुराना मिलेगा नहीं.' तो गेल्यावर मी गाडीतच बसून रडले. सासूबाईंनी क्रोशाची सुई आणून मांडीवर ठेवली. आता काय विणत बसू?

५ ऑक्टोबर

सकाळी उठल्या उठल्या डोक्यात प्रकाश पडला — क्रोशाच्या सुईला हूक असतो! टॉर्च मारला. कुलपात काहीतरी पिवळं. हळूच ओढलं — तांदूळ! हळदीने माखलेला. मागोमाग अजून दोन-तीन. पूजेच्या अक्षता! मग नीलेशच्याच कारखान्यातला यंत्रं साफ करायचा स्प्रे मारून आतलं तेल धुतलं. किल्ली सरकली, फिरली, आणि गाडी खोकत खोकत चालू झाली! मी ओरडलेच. नीलेश दात घासता घासता बाहेर आला, तोंडाला फेस तसाच. भंगारवाल्याला त्यानेच फोन करून नको म्हटलं. शब्दाला जागला हो! अक्षता इतक्या आत गेल्या कशा, कोण जाणे. पुढच्या वर्षी जपून.

६ ऑक्टोबर

रांध्याला गेले, आले! वाटेत एकदाच बंद पडली. घरी आल्यावर सासूबाईंनी क्रोशाची सुई परत मागितली. म्हणाल्या, 'तांदूळ मीच कोंबले होते. गाडी इकली असती, मंग तू कशावर गेली असती?'