भरल्या गाडीचं माप

प्रिय शार्दूल,

पत्र आणि त्याबरोबरचं हे गोणपाटात शिवलेलं लांबलचक बाड बघून घाबरू नकोस. घरी सगळं बरं आहे; म्हणजे तुझ्या आईची पाठ, माझे गुडघे आणि गच्चीवरची गळकी टाकी सोडली तर. बाड आत्ता उघडू नकोस, आधी पत्र वाच. फोन असताना हा उद्योग कशाला, असं तुला वाटेलच. पण फोनवर माझं काय होतं ते तू जाणतोस. ‘जेवलास का, तिकडे थंडी आहे का’ एवढं झालं की मी फोन आईच्या हातात देतो आणि अंगणात जाऊन उगाच नळ घट्ट करत बसतो. दोन वर्षं हेच चाललंय. म्हणून आज रविवारी दुपारी दुकानाचं शटर अर्धं पाडलं आणि स्टुलावर बसून लिहायला घेतलं. दमलो आहे, अक्षराला नावं ठेवू नकोस.

मनीष पंधरा दिवसांपूर्वी चाकणला तुला भेटून आला. शेजारी बॅटऱ्यांचं दुकान चालवणाऱ्या माणसाने बॅटऱ्यांबद्दलच बोलावं, पण आपला मनीष म्हणजे ट्रान्सपोर्ट नगरचं वर्तमानपत्र. त्याने सांगितलं की तुझ्या कारखान्यातल्या साहेबांनी तुला स्टोअरमधून उचलून फिटिंगच्या लाइनवर घ्यायचं ठरवलंय, मडगार्ड आणि मडफ्लॅपचं, म्हणजे आपल्या चाकामागच्या रबराचं, सगळं काम तुझ्या हाताखाली देतायत, आणि तू नाही म्हणालास. महिनाअखेरपर्यंत विचार कर असं ते म्हणाले, तर तू मनीषला म्हणालास, ‘भिया, मेरा नाप गलत बैठता है. डिब्बे गिनने में ठीक हूँ.’ मनीषने हे हसत हसत सांगितलं. मी पण हसलो. मग आत जाऊन ड्रिलचा बिट बदलला, आणि नंतर बघतो तर तोच जुना बिट परत बसवला होता.

या आठवड्यात कामही नेमकं तेच आलं. देवासचा एक माणूस, दहा चाकी गाडी, मागे एका नंबरने मोठे टायर चढवून आलेला. टायर मोठा केला की गाडी कशी रुबाबदार दिसते ते मला सांगत होता, आणि रबर मात्र टायरला घासून मागून धूर काढत होतं. लोकांना मोठं चाक हवं असतं, त्यामागच्या रबराची आठवण जळका वास आल्यावर होते. मी म्हटलं, गाडी रिकामी आहे, पिथमपूरहून माल भरून ये, मग माप घेतो. तो चिडला. सगळेच चिडतात. दोन फेऱ्या पडतात, डिझेल जातं, आणि समोरच्या दुकानात तेच काम अर्ध्या तासात होतं. पण तो आला परत भरून. मग मी खाली सरपटलो, पट्टीचे नट सोडवले, ब्रॅकेट दोन इंच मागे घेतलं, रबराचा आतला कोपरा गोल कापला. एकट्याने. चाकामागून बाहेर येताना गुडघ्याने असा आवाज केला की तो देवासवाला म्हणाला, ‘काकाजी, ये गाडी में से आया क्या?’

टायरला खडू फासून गाडी पाच पावलं पुढे, पाच पावलं मागे घेतली, आणि रबरावर पांढरं कुठे उमटतं ते बघितलं. ही युक्ती तुझी. तू एकोणीस वर्षांचा होतास. मी तीस वर्षं टॉर्च तोंडात धरून चाकामागे डोकं घालत होतो आणि तू शाळेतला खडू खिशातून काढून दोन मिनिटांत दाखवलंस. तेव्हा मी ‘ठीक आहे’ एवढंच म्हणालो होतो. खरं म्हणजे त्या दिवशी घरी आल्यावर तुझ्या आईला तीन वेळा सांगितलं. आमचे पूर्वज होळकरांच्या पागेत होते म्हणून काका लग्नाकार्यात मिशीवर हात फिरवतात. आपण आता चाकामागचा चिखल अडवतो, तोही देशात स्वच्छतेसाठी गाजलेल्या गावात. पण मला या धंद्याची लाज कधी वाटली नाही. दिवसभर कुणाच्या तरी काचेवर दगड उडायचा वाचवतो आपण. आणि तुझ्या हातात ते काम माझ्यापेक्षा चांगलं होतं, हे मी तुझ्या तोंडावर कधीच बोललो नाही.

बघ, ताकाला जाऊन भांडं लपवतोय. मुद्द्यावर येतो.

ट्रकवाल्या हरीची गाडी तू विसरला नसशील. दोन वर्षांपूर्वी, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तू तिचं रबर बसवलंस. मोठे टायर, नवीन ब्रॅकेट, माझ्या पिवळ्या ऑइल पेंटच्या खुणा आणि तुझं ड्रिल. दुपारी हरी माल भरायला गेला आणि संध्याकाळी भेरूघाटाच्या उतारावर टायरने ब्रॅकेट खाल्लं. उजवीकडचं रबर लोखंडी पट्टीसकट सुटलं आणि मागून मोटरसायकलवर येणाऱ्या महूच्या अंकुर सरांच्या पायावर बसलं. गुडघ्याची वाटी फुटली. जीव वाचला, कारण सर हळू चालवत होते. तिसऱ्या दिवशी हरी डावीकडचं रबर काढून घेऊन आला, आपल्या दारात आपटलं आणि चहाच्या टपरीसमोर, दुकानांच्या सगळ्या लाइनदेखत, तुला म्हणाला, ‘क्यों रे, नाप लेना नहीं आता तो औजार काय को पकड़ता है?’ तू खाली मान घातलीस. म्हणालास, मुझसे ही गलती हुई, हरी भिया. मी पाच हातांवर उभा होतो. हातात चहाचा ग्लास होता. तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखा उभा राहिलो.

त्यानंतर अठरा दिवस तू रोज डबा घेऊन महूच्या इस्पितळात गेलास. आई भाकरी थापायची, तू बस धरायचास. एकदाही मला म्हणाला नाहीस की बाबा, तुम्ही पण चला. एकोणिसाव्या दिवशी तू तुझी टेप, तुझे बिट, तुझा तो चामड्याचा पट्टा, सगळं पुसून कपाटात ठेवलंस आणि चाकणला जातो म्हणालास. मी म्हटलं, जा, जरा हवापालट होईल. मुलगा घर सोडून चाललाय आणि बाप हवापालटाच्या गोष्टी करतोय. तुझी आई परवापरवापर्यंत म्हणायची, ‘तुम्ही त्याला एक बार रोकलं असतं, तर तो थांबला असता.’ थांबला असतास, मला माहीत आहे. म्हणूनच अडवलं नाही. तू रोज समोर असतास तर मला रोज तुझ्याकडे बघावं लागलं असतं.

मनीषचं ऐकल्यानंतरच्या गुरुवारी मी भंवरकुआंहून बस धरून महूला गेलो. अंकुर सरांचं घर शोधायला तासभर लागला. ते पाय जरा ओढत चालतात, जिना चढताना कठडा धरतात, पण शाळेत रोज जातात. मला बघून त्यांनी पोहे करायला लावले, वर शेव, लिंबू, सगळं रीतसर. मी शेव एकेक करून बाजूला काढत बसलो. मग ते सहज म्हणाले, शार्दूलचा फोन येतो दर महिन्याच्या पहिल्या रविवारी. गुडघा विचारतो, मुलीचा अभ्यास विचारतो. दोन वर्षांत एकही रविवार चुकला नाही. मला हे ठाऊक नव्हतं रे. मला तू पाच मिनिटांचा फोन करतोस आणि मी त्यातली चार मिनिटं नळाकडे जातो, आणि तिकडे एक परका माणूस माझ्या मुलाला माझ्यापेक्षा चांगला ओळखतो. तेव्हा त्यांच्या ओसरीवर बसून मी पहिल्यांदा सगळं बोललो. सरांनी ऐकून घेतलं. रागावले नाहीत. फक्त म्हणाले, ‘ये बात मुझे नहीं, उसे बतानी थी आपने.’

शुक्रवारी तुझ्या आईला सांगितलं. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते, पोळीवर तूप नसतं, आणि मी मागायची हिंमत करत नाही. काल सकाळी हरीला बोलावलं. मुद्दाम त्याच टपरीवर, सगळी लाइन चहा पीत असताना. मनीषला म्हटलं, तूही ये, तू आलास म्हणजे सगळ्या ट्रान्सपोर्ट नगरला कळेल. बोलून झाल्यावर हरीने ग्लास बाकावर ठेवला. मग म्हणाला, ‘गाड़ी तो खाली ही थी भिया. मेरे से कोई पूछता तो मैं उसी दिन बता देता. इत्ते दिन मुंह में क्या दही जमा था?’ टपरीवाल्याने चहाचे पैसे घेतले नाहीत, ते मला शिवीपेक्षा जास्त लागलं.

तर शार्दूल, ते असं झालं. अनंत चतुर्दशीला तू आईला घेऊन स्नेहलतागंजला मावशीकडे गणपतीच्या मिरवणुकीतल्या झांक्या बघायला गेला होतास. दुपारी हरी गाडी लावून गेला. रिकामी. त्याला दुसऱ्या दिवशी माल भरून परस्पर निघायचं होतं, आणि माझे गुडघे इतके दुखत होते की एकदा वाकल्यावर भरल्या गाडीखाली परत वाकायची माझी तयारी नव्हती. मी रिकाम्या गाडीचं माप घेतलं. टायर आणि रबरामध्ये चार बोटं जागा सोडली, अंदाजाने आणखी एक बोट वाढवलं, आणि खुणा करून घरी गेलो. माल भरला की स्प्रिंगच्या कमानी बसतात, चाक वर येतं आणि ती बोटं कुठच्या कुठे जातात, हे मीच तुला शिकवलं होतं, तू दहा वर्षांचा असताना. सकाळी तू ड्रिल हातात घेऊन मला विचारलंस, बाबा, माप घेतलं तेव्हा गाडी भरलेली होती ना? मी म्हटलं, हो, नंतर हरीने रिकामी करून आणली. एवढंच. मुलासमोर आळशी दिसायला नको म्हणून एक ‘हो’. तू माझ्या शब्दावर भोकं पाडलीस. पुढे जेव्हा सगळं घडलं तेव्हा तुझ्याकडे हिशेब एकच उरला: बाबांचं माप भरल्या गाडीचं, मग चूक माझ्याच हाताची. आणि मी तुला तसं समजू दिलं. रोज वाटायचं उद्या सांगू. मग तू गेलास, आणि वाटलं, आता सांगून काय उपयोग. मनीषने ते वाक्य सांगितलं नसतं तर कदाचित मेलो असतो न सांगता, इतका भित्रा बाप आहे तुझा. मला माफ कर असं लिहायला पेन उचलवत नाही, कारण ते मागायचा हक्क मला कसा असेल. पण महिनाअखेर जवळ आलीय, साहेबांना उत्तर द्यायच्या आधी आता ते बाड उघड. हरीने दारात आपटलेलं ते डावीकडचं रबर आहे, मी दोन वर्षं रबराच्या गुंडाळ्यांमागे लपवून ठेवलं होतं. नुसतं पुसलंय, बाकी हात लावलेला नाही. उजेडात धर आणि तुझी टेप लावून बघ. पिवळ्या खुणा माझ्या आहेत, भोकं तुझी. आठही भोकं खुणांच्या बरोब्बर मधोमध आहेत, सूतभरसुद्धा इकडेतिकडे नाही.

तुझाच,
बाबा

(टेप आणि पट्टाही त्याच गोणपाटात आहेत. पट्ट्याला आईने तेल लावलंय.)