मोहोळ उठलं त्या दुपारी

बाई, तुम्ही गेल्याचं मला फार उशिरा कळलं. जळगावच्या बसस्टँडवर शाळेत बरोबर असलेली एक जण भेटली आणि बोलता बोलता म्हणाली, "आपल्या बाई गेल्या ना, धुळ्याला." तुम्ही धुळं सोडल्याचं ऐकलं होतं, म्हणून मला क्षणभर वाटलं, तुम्ही पुन्हा धुळ्याला राहायला गेलात. मी हसून विचारलंसुद्धा, "कधी?" मग तिच्या चेहऱ्याकडे बघून समजलं. त्यानंतर कितीदा मनात आलं, तुम्हाला काहीतरी लिहावं. आज बसलेच. उद्या सकाळी जामनेरच्या माझ्या शाळेतल्या मुलींना घेऊन मी डोंगरावर निघाले आहे, आणि दुपारपासून मला घास गिळवत नाहीये.

मी नववीत असताना तुम्ही ती पुरस्कार योजना आमच्या शाळेत आणलीत. ऐंशीच्या दशकातलं जळगाव. मुलगी सायकलवरून जरा जोरात गेली तरी लोक मान वळवून बघत. आणि तुम्ही फळ्यावर लिहिलंत: सेवा, कौशल्य, डोंगरातला मुक्काम; तिन्ही पुरं करील तिला पुरस्कार. कौशल्य म्हणून मी सायकल दुरुस्ती घेतली, कारण बाकी सगळ्यांनी भरतकाम घेतलं होतं. सेवा सरकारी दवाखान्यात, दर रविवारी. पहिल्याच रविवारी एका म्हाताऱ्या बाईला पाणी पाजताना मी नाकाला रुमाल लावला. तुम्ही मला व्हरांड्यात बोलावलंत. आवाज चढवला नाहीत. "तो रुमाल तिनं बघितला," एवढंच म्हणालात. "आता आत जा आणि तिच्याशी बोलत बस." मी आत गेले आणि तिचं गाव विचारलं. मग ती दुपारभर बोलत राहिली आणि मी ऐकत राहिले. मार खाल्ला असता तर विसरले असते. ते दोन शब्द नाही विसरले.

शनिवारी शाळा सुटल्यावर तुम्ही आम्हाला सरावाला गावाजवळच्या डोंगरावर न्यायचात, संध्याकाळच्या आत परत. मुक्कामाची परवानगी मागायला तुम्ही पिंप्राळ्याला आमच्या घरी आलात, ते मला आत्ताही दिसतं. आई स्टोव्हला पंप मारतेय. नाना डाळ मिलमधून नुकतेच आलेत, अंगावर तुरीच्या टरफलांची धूळ तशीच. ते खुर्ची पुसून तुम्हाला देतात, स्वतः खाली बसतात आणि शाळेची भाषा आठवेना म्हणून घरचीच अहिराणी बोलतात. "बाई, आमनी पोर कधी गावबाहेर ऱ्हायनी नही. लोके काय म्हणतीन?"

"लोकांचं मी काय सांगू, नाना? पोरीचं सांगते. नेते तशी परत आणून देईन."

नाना बाहीवरची धूळ झटकतात. मग म्हणतात, "तुमना भरोसावर धाडी ऱ्हायनू." आई स्वयंपाकघराच्या दारातच उभी असते. चहा उतू जातो, तरी तिचं लक्ष नसतं.

तिथून तुम्ही माझ्या बाकावरच्या मैत्रिणीकडे गेलात. तिच्या वडिलांचं कापडाचं दुकान होतं. राजस्थानातून आलेलं घर, पोरींना शाळेतसुद्धा नोकराबरोबर पाठवणारं. तिथंही तुम्ही तोच शब्द दिलात. तिचे वडील हो म्हणाले याचं सगळ्या शाळेला आश्चर्य वाटलं.

चाळीसगावपर्यंत पॅसेंजर, पुढे एसटी, मग चालत. तुम्ही पाचवारी साडी कासोट्यासारखी खोचली होती आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. आम्ही मागे फिदीफिदी हसत होतो. दुपारी आपण कड्याखालच्या वाटेवर होतो. वर कपारीला आग्या मोहोळं लटकत होती. तुम्ही आम्हाला ती दाखवलीत आणि म्हणालात, "इथून बोलायचं नाही, थांबायचं नाही." आम्ही गप्प झालो. पण खाली ओढ्यात कुणी सहलीला आलेल्यांनी चूल पेटवली होती, आणि वारा फिरला. धूर सरळ कड्यावर चढला.

आधी आवाज आला. दूरवर गिरणी सुरू व्हावी तसा. तुम्ही मागे वळून ओरडलात, "खाली बसा! चादरी घ्या अंगावर! पळू नका!" आम्ही वळकट्या सोडतोय, गाठ सुटत नाही, आणि तेवढ्यात ऊन काळं झाल्यासारखं झालं. मानेवर पहिला डंख बसला तेव्हा मला वाटलं, निखारा पडला. मी चादरीत शिरले. विणीतून दिसत होतं ते एवढंच, की माझी मैत्रीण उठून पळत सुटली आहे, दरीच्या बाजूला, दोन्ही हातांनी केस झोडपत. आणि तुम्ही तिच्यामागे. तुमच्या अंगावर काहीच नव्हतं, तुमची चादर तुम्ही कुणाला तरी देऊन टाकली होती. काठाच्या अलीकडे तुम्ही तिला गाठलंत, खाली पाडलंत, पदर सोडून तिच्यावर टाकलात आणि वर स्वतः पालथ्या झालात.

"सगळ्यांना घेऊन खाली जा!" तुम्ही माझं नाव घेऊन हाक मारलीत. "वाकून चालायचं. डोक्यावरची चादर काढायची नाही."

"आणि तुम्ही?"

"तुला विचारलंय का? जा!"

मी मुलींना एकमेकींच्या चादरीचं टोक धरायला लावलं आणि निघाले. मागून तुमचं कण्हणं ऐकू येत होतं. मग तेही येईनासं झालं, आणि ते जास्त भयंकर होतं. खालच्या वस्तीत एक बाई अंगणात शेण थापत होती. आम्हाला बघून ती धावत आली. "काय व्हयनं व?" मला रडूच फुटेना, नुसतं वर बोट दाखवलं. तिनं हाका मारून माणसं जमवली. ती माणसं घोंगड्या पांघरून वर गेली आणि तुम्हा दोघींना झोळीत घालून घेऊन आली. मैत्रिणीला थोडेच डंख होते. तुमचा चेहरा मात्र ओळखू येत नव्हता. श्वास शिटीसारखा वाजत होता. चाळीसगावला नेणाऱ्या जीपमध्ये तुमचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तुम्ही ओठ हलवलेत. मी वाकले.

"सगळ्या?"

"सगळ्या आल्या, बाई."

चाळीसगावच्या डॉक्टरांनी आमच्यासमोरच सांगितलं, वाचतील याची खात्री देता येत नाही. तुम्ही वाचलात.

शाळेतल्या पालकांच्या सभेला तुम्ही सुजलेल्या चेहऱ्यानं आलात. एक गृहस्थ मोठ्यानं म्हणाले, "ज्यांना स्वतःचं मूल नाही त्यांना दुसऱ्याच्या पोरीची किंमत काय कळणार?" तुम्ही मान खाली घातली नाहीत. नाना मागच्या ओळीत हात जोडल्यासारखे बसले होते. मग मैत्रिणीचे वडील उठले. "माझी मुलगी यांच्यामुळे जिवंत आहे," ते म्हणाले. "हे उपकार आमचं घर विसरणार नाही." त्यांनी सगळ्यांसमोर तुम्हाला वाकून नमस्कार केला. आणि सरळ होऊन म्हणाले, "पण उद्यापासून ती शाळेत येणार नाही." तेव्हा तुम्ही मान खाली घातलीत. तुमची खाली गेलेली मान मी पहिल्यांदाच बघितली.

योजना बंद झाली. तुमची बदली धुळ्याच्या शाळेत झाली. मैत्रिणीचं लग्न लवकरच लागलं.

नोकरी लागल्यावर मी धुळ्याला तुम्हाला भेटायला आले होते. तुमच्या लहानशा स्वयंपाकघरात तुम्ही मला पाटावर बसवून गरम भाकरी वाढलीत. धुळ्यातही तुम्ही मुलींना डोंगरावर न्यायला लागला होतात, हे ऐकून माझा घास हातातच राहिला. "भीती नाही वाटत?" मी विचारलं. "वाटते ना," तुम्ही तव्यावरची भाकरी उलटत म्हणालात. "आदल्या दिवशी जेवण जात नाही मला." मग मैत्रिणीचं विचारलंत. ती मजेत आहे असं मी सांगितलं. तुम्ही नुसतं "बरं" म्हणालात आणि तवा उतरवायचा विसरलात.

हे लिहिलेलं मी कुठं पाठवणार? सकाळी निघायच्या आधी फाडून टाकीन. उद्याच्या मुलींना वाटतं, मला डोंगरांचं वेड आहे. तुम्हालाही तसंच वाटायचं, धुळ्याला तुम्ही ते कौतुकानं बोललातही, आणि मी गप्प राहिले. खरं म्हणजे, बाई, मला डोंगर कधीच आवडला नाही. वर पोचल्यावर सगळ्या जणी लांबवर बघत असायच्या, आणि मी तुमच्याकडे बघत असायचे.