दाराबाहेरची काठी

मंगळवार, तिन्हीसांज, कोरगाव

ह्यांच्या अपंग पेन्शनीचं अपीलसुद्धा फेटाळलं. पोस्टमनने इंग्रजी कागद वाचून सांगितलं, माजी सैनिक आधाराशिवाय चालतो. चालणार नाही तर काय! तपासणीच्या दिवशी लष्करी डॉक्टरच्या दारातच ह्यांनी काठी माझ्या हातात कोंबली. मी म्हटलं, "अहो, मोडका पाय दाखवायलाच आलोय ना आपण?" तर म्हणे, "गप गो! साहेबासमोर काठी टेकून सॅल्यूट मारतत?" दात आवळून ताठ आत गेले. काठी बाहेर, माझ्यापाशी. ती घेऊन मी आत का नाही घुसले?

आज मी ह्यांना शिव्याच घालणार होते. पण कागद ऐकून ह्यांनी हळूच विचारलं, "मी लंगडतंय ता साहेबाक कळलां नाय मां?"

नाही कळलं, म्हटलं. हे हसले.

मग उठायला गेले, तर काठीनेही जमेना. न्हाणीपर्यंत मीच उचलून नेलं.